तोंगा म्हणजे नेमकं कुठे?

“मी गेल्यावर मला तोंगालाच ठेवा रे!”

कित्येक वर्षांपूर्वी ऑकलंडच्या नोकरीवरून फोनवर आलेला फेआओचा हा आवाज घरात सगळ्यांना पाठ होता. तेव्हा अर्थही सरळ होता: मायदेशी, तोंगाच्या बेटांवर पुरा. पण म्हातारा पुढे जिवंतच गावी परतला, इथल्याच माडांखाली खोकत राहिला आणि काल इथेच गेला. आता तोंगातच मेलेल्या माणसाला आणखी कुठल्या तोंगाला ठेवायचं?

“दक्षिणेला,” मुलगा केपू म्हणाला. “तोंगा म्हणजे दक्षिणसुद्धा ना? दक्षिणेचा वारा सुटला की बाबा काय म्हणायचे? तोंगा सुटला!”

सुतकात अंगाभोवती गुंडाळतात ती जाडीभरडी चटई कानापर्यंत ओढून तो दफनभूमीच्या दक्षिण टोकाला खणायला गेला. आजी-आजोबा निजले होते ती उत्तरेची कोरडी जागा तशीच राहिली. कमरेइतकं खणलं, तर खाली खाडीचं पाणी.

मृताच्या उशाशी त्याची थोरली बहीण लोसे बसली होती. भावाच्या मयताला बहिणीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पाद्रीबुवासुद्धा तिच्यापुढे खालच्या आवाजात बोलत.

“अरे दिवट्या, माझा भाऊ काय मासा आहे?” ती कडाडली. “तोंगाला म्हणजे तोंगाच्या रीतीने! ती चकचकीत पेटी काढा आधी. चटईत गुंडाळा त्याला.”

पेटीचे स्क्रू हलेनात. तेवढ्यात पाद्रीबुवांनाही शंका आली. “तोंगा म्हणजे आपली भाषाही होते, बाई. मी प्रवचन इंग्रजीत लिहिलंय, परदेशच्या नातवंडांसाठी.”

“मग बदला! आयुष्यभर साहेबाचं ऐकलं त्याने. आता मेल्यावरही?”

बुवा लिहायला बसले. तोवर मयताला आलेल्या गाणाऱ्यांनी तेच भजन पुन्हा पुन्हा धरलं. सूर आधी रडवेले होते, मग घोगरे झाले, मग नुसता वारा उरला. स्वयंपाकाकडचे लोकही ऐकत थांबले, तेवढ्यात जेवणासाठी बांधलेलं डुक्कर दोर तोडून सुटलं आणि धावत थेट दक्षिणेच्या खड्ड्यात पडलं.

“जागा गेली,” कुणीतरी पुटपुटलं.

“काढा त्याला! तिथं बाबांना ठेवायचंय!” केपू ओरडला.

“डुकराच्या अंथरुणात?” लोसे उठून उभी राहिली. “उत्तरेला, आईबापाजवळ!”

“आत्या, तिथं एकच जागा उरलीय. मग आईला कुठं ठेवायचं? तिची जागा बाबांच्या शेजारी!”

सगळ्यांनी आनाकडे पाहिलं. फेआओची बायको सकाळपासून पायथ्याशी बसून पेटीवरच्या माश्या पंख्याने वारत होती. तिची जागा कुठे, हे गावाने तिला न विचारताच ठरवलं होतं. तिनेही कधी नाही म्हटलं नव्हतं.

“सांग ना, आई. उत्तर की दक्षिण?”

आनाचा पंखा थांबला. बाहेर डुक्कर पाण्यात फुरफुरत होतं.

“वन्सं, त्यांना उत्तरेला ठेवा, आईबापाजवळ. कोरडं आहे तिथं,” ती हळूच म्हणाली. “मला मात्र दुसरीकडे कुठंही पुरा. माझं तरुणपण त्यांच्या रिकाम्या उशीशी बोलण्यात गेलं. परत आले तेव्हा मला त्यांच्या शेजारी झोपच लागेना. लाजेने कुणाला बोलले नाही. मला एकटीलाच झोप लागते.”