काळ्या पडद्यावरची हजेरी

तक्रारदार: गणपत सीताराम कदम, अर्जनवीस, बैठक अफझलगंज येथे कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली, राहणार नल्लकुंटा, तळमजला. प्रतिवादी: विठ्ठलराव जगदाळे, निवृत्त हजेरी क्लार्क, राहणार त्याच घराचा वरचा मजला. तक्रारीचा काळ: गेल्या दसऱ्यापासून आजतागायत. साक्षीदार एक: प्रतिवादीच्या पत्नी कमलबाई. साक्षीदार दोन: टेलिफोनचे लाइनमन यादगिरी, जे दोनदा खांबावर चढून उतरले आणि "लाइन बराबर है साब, आदमी का देखो" एवढे सांगून गेले.

सदर प्रतिवादी जे दिसेल त्याची हजेरी मांडतो. दूधवाल्याची मांडतो, नळाच्या पाण्याची मांडतो. आमच्या गल्लीत गणपती बसला तेव्हा त्याने वहीत देवाचेही नाव घातले आणि विसर्जनाच्या दिवशी त्यापुढे अर्धी रजा लिहिली, कारण मूर्ती दुपारी बारालाच उठली होती. मी समक्ष पाहिले आहे. त्याच पानावर माझे नाव होते आणि आरतीला सात मिनिटे उशीर, असा शेरा होता.

कुकटपल्लीच्या एका कारखान्याच्या फाटकावर या गृहस्थाने तीस वर्षे हजेरी घेतली. पुढे नवे धोरण आले, कारखान्याने माणसे कमी केली, आणि ज्यांची हजेरी घ्यायची तेच उरले नाहीत म्हणून हजेरी घेणाऱ्यालाही घरी पाठवले. वही मात्र तो बरोबर घेऊन आला.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे टेलिफोन नाही. माझ्या पाटीवर जगदाळ्यांचा नंबर आहे, पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्याचा, अशी अक्षरे आहेत. फोन वर यायचा, कमलबाई जिन्यातून "कदमभाऊ" अशी हाक मारायच्या, आणि मी चपला न घालता वर जायचो. हा शेजारधर्म आठ वर्षे बिनतक्रार चालला.

त्यांचा एकुलता एक मुलगा सतीश परदेशी गेला आणि जाताना घरात संगणक बसवून गेला. तिकडची पत्रे त्यात येत. त्यासाठी पडद्यावर एक रंगीत कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, होता. त्यात पिवळे पाकीट काढलेले असे. पत्र आले की ते पाकीट उघडायचे, नसले की मिटलेले राहायचे. कमलबाई स्टुलावर बसून त्या पाकिटाकडे बघत. संगणक लाइनीवर असला की टेलिफोन बंद, आणि एक फोटो उतरायला अर्धा तास. माझी कुळे, म्हणजे अर्ज लिहून घेणारी माणसे, फोन लावून थकत.

सबब मी तीन परिच्छेदांचा अर्ज लिहून रीतसर वर नेऊन दिला. जगदाळ्यांनी तो उभ्याने वाचला, पोच दिली आणि म्हणाले, "विचार चालू आहे."

दसऱ्याच्या आठवड्यात रंगीत कार्यक्रम बंद झाला. जगदाळ्यांनी टेलिफोन कचेरीतून इंटरनेटचे, विद्यार्थ्यांसाठी असलेले, चित्रे नसलेले स्वस्त खाते काढून आणले. काउंटरवर विचारले, विद्यार्थी कोण? हे म्हणाले, "मीच. उशिरा आलोय एवढंच." तेव्हापासून त्यांच्या पडद्यावर काळी जमीन आणि पांढरी अक्षरे. माउसची गरज उरली नाही, म्हणून त्याला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवले. सक्तीची निवृत्ती, असे ते म्हणाले.

"पण चांगलं रंगीत होतं की," मी म्हणालो.

"नक्को. चित्रं लहान पोरांना. हजेरीला अक्षर लागतं, कदम."

माझ्या अर्जाचा हा परिणाम आहे, असे मी लिंबाखाली चार लोकांना सांगितले. पण पंधरवड्यात टेलिफोन पुन्हा अडू लागला. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, नेमका माझ्या फोनांच्या वेळेला. जहीराबादचे एक जुने कूळ तीन दिवस फोन लावून शेवटी शेजारच्या अर्जनवीसाकडे गेले. माणसाने किती सोसावे यालाही मर्यादा आहे. रविवारी सकाळी दुसरा अर्ज खिशात घालून मी जिना चढलो.

"कदम, हजर?" त्यांनी आतूनच विचारले.

"हजर."

"बसा. मशीन आत्ताच लागलंय."

त्यांनी दोन बोटांनी एक हुकूम टाइप केला, पुढे सतीशचे नाव आणि पत्ता. थोड्या वेळाने काळ्या पडद्यावर तीन ओळी उमटल्या. त्यांनी वही उघडली आणि एका चौकोनात 'ह' लिहिले.

"हे काय?"

"तिकडच्या मशीनला पोराचं नाव देऊन विचारायचं. ते सांगतं, शेवटचा कधी आला होता, पत्रं कधी वाचली. चित्रवाल्यात मला ही सोय सापडली नाही."

तेवढ्यात कमलबाई हात पुसत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "आलं का?"

"आलंय की." जगदाळ्यांनी चष्मा नीट केला आणि पडद्याकडे बघत वाचू लागले. "ती. आईबाबांस नमस्कार. इथे थंडी फार. गुरुवारी कामावर गेलो होतो. ज्वारीचं पीठ मिळालं नाही, तांदळाची भाकरी केली, ती फाटली. कदमकाकांची फोनची तक्रार कळली. बाबा, जरा बेतानं वापरा."

"उकड काढून कर म्हणावं," कमलबाई म्हणाल्या. "आणि कानाला बांधतो का नाही, विचारा."

जगदाळ्यांनी तेही टाइप केले आणि पाठवले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, परंतु कचेरीपुरते इंग्रजी मला वाचता येते. पडद्यावर मुलाचे नाव होते. गुरुवारी आला होता, असे होते. पत्रे गुरुवारी वाचली, असे होते. चौथी ओळ नव्हती. सव्वीस वर्षे मी दुसऱ्यांच्या तोंडचे मजकूर लिहीत आलो आहे. न आलेले पत्र मला ऐकताक्षणी ओळखू येते, कारण ते आलेल्या पत्रापेक्षा नीट असते. रंगीत पडद्यावर मिटलेले पाकीट कमलबाईंना दिसत असे. काळ्या पडद्यावरचे इंग्रजी त्यांना दिसून न दिसल्यासारखे होते. रंग कशासाठी घालवले, ते मला त्या खुर्चीवर समजले.

कमलबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा जगदाळे वही मिटत हळू म्हणाले, "वाचतो तो, कदम. सगळी वाचतो. लिहीत नाही एवढंच."

मी खिशातला अर्ज खिशातच ठेवला. चहा पिऊन जिना उतरत होतो, तर कमलबाई मागून आल्या.

"कदमभाऊ, अर्ज आणला होता ना?"

"नाही, सहज आलो होतो."

"त्या पडद्यावर तीन ओळी येतात. रोज तीनच. मला वाचता येत नाही, मोजता येतं." त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "तुम्ही त्यांना काही बोलू नका. तीस वर्षं पहाटे फाटकावर गेले आणि रात्री येऊन झोपले. आता वाचायच्या निमित्तानं घटकाभर बसून बोलतात."

"आणि सतीश?"

"तो हजर आहे ना. बस."

सबब अर्जदाराची विनंती अशी की, या तक्रारीतून विठ्ठलराव जगदाळे यांचे नाव कमी करून त्या जागी त्यांचे चिरंजीव सतीश यांचे नाव प्रतिवादी म्हणून लावण्यात यावे. टेलिफोनबाबतचे म्हणणे मागे घेण्यात येत आहे. पाटीवरील नंबर तोच आहे, न लागल्यास कुळांनी दहा मिनिटांनी पुन्हा लावावा. प्रतिवादी सतीश याने, हा मजकूर त्यास ओळखणाऱ्या कोणाहीमार्फत पोचताच, वडिलांच्या पत्त्यावर लेखी उत्तर द्यावे. उत्तर फार मोठे नसले तरी चालेल. चौथी ओळ आली की कमलबाईंना कळेल.

सही, गणपत सीताराम कदम, अर्जनवीस.