आरोहीच्या पायाबाबत घरचा अहवाल

माणसाच्या शरीरात एकूण दोनशे सहा हाडं असतात आणि त्यांतलं एकही हाड आपण बरे झालो की नाही हे स्वतः ठरवू शकत नाही. डॉक्टर फक्त मत देतो. निर्णय घर घेतं. शहापुरातल्या आमच्या घरी ही पद्धत पूर्वापार चालत आली असून आजवर तिच्याविरुद्ध एकाही हाडाने तक्रार केलेली नाही.

माझी धाकटी बहीण आरोही खो-खो खेळते. जानेवारीत खांबाला वळताना तिच्या उजव्या पावलाचं, करंगळीमागचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत एक स्क्रू बसला (एक्स-रेत तो स्पष्ट दिसतो, पाहुण्यांना एक्स-रे चहाबरोबर दाखवण्यात येतो). दीड महिन्याने प्लॅस्टर निघालं आणि फिजिओथेरपीच्या माधवी मॅडमनी तिला एक कागद दिला. त्यावर मैदानावर परतायचे चार टप्पे होते: बसून पाऊल दाबणे, चालणे, पळणे, खेळणे. आमच्या घराला त्यातला पहिला टप्पा अतिशय आवडला.

या टप्प्यासाठी एक रबरी पट्टी लागते. ती पावलाखाली अडकवून वीस-वीस वेळा, असं तीनदा दाबायचं. आज्जीने हा प्रकार दोन दिवस बघून घेतला. आमच्याकडे पुढच्या खोलीत चार यंत्रमाग आहेत आणि मागच्या बाजूला आज्जीचा जुना हातमाग. त्याच्यापुढे बसून पायाखालची लाकडी पट्टी दाबली की ताण्याचे धागे वर-खाली होतात.

"रबर दाबून काय निघतंय गं?" आज्जी म्हणाली. "हितं येऊन दाब की. निदान लुगडं तरी निघंल."

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कागद पुन्हा वाचला. बसावे, पाठ ताठ ठेवावी, पाऊल सावकाश दाबावे, सोडावे. मागावर दुसरं काय करतात? हात रिकामे ठेवावेत असं कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. रबरी पट्टीने त्याच दिवशी सुताच्या पिशवीचं तोंड बांधण्यात आलं.

गुण थक्क करणारा आला. शास्त्राने दिवसाला साठ वेळा दाबायला सांगितलं होतं. आमच्याकडे साठ सकाळच्या चहाआधीच होत. चार महिन्यांत पायाला चौसष्ट टक्के आराम पडला आणि तेवीस साड्या निघाल्या (टक्के आप्पांच्या अंदाजाने, साड्या मोजून). जुलैत माधवी मॅडमनी ताकद तपासायला तिचं पाऊल हाताने रोखून धरलं, तेव्हा मॅडम चाकांच्या स्टुलासकट भिंतीपर्यंत गेल्या. तिथूनच त्यांनी लिहून दिलं, 'पळण्यास हरकत नाही.'

घराने या वाक्याचा तीन दिवस अभ्यास केला. हरकत नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही, हे आयुष्यात एकदा तरी कचेरीत गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. संकेश्वरहून भरमूकाकांना बोलावण्यात आलं (काका ब्याण्णव साली बैलगाडीवरून पडले होते, तेव्हापासून हाडांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा). चर्चेअंती ठरलं, की आरोहीने खेळायला जरूर जावं, फक्त काळ योग्य बघावा. पावसाळ्यात मैदान निसरडं. हिवाळ्यात आतला स्क्रू गार पडतो. उन्हाळ्यात लग्नसराई, आणि ऐन लग्नसराईत उपचार तोडणं पायाला बरं नव्हे. उरला मधला एक पंधरवडा, तो पितृपक्षात जातो.

"तोवर जैसे थे ठेवा," काका म्हणाले. आमच्या सीमाभागात ही व्यवस्था फार वर्षं चालू आहे आणि ती सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

खेळू नको असं तिला घरात कुणीही म्हटलेलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो. आई तिचे बूट दर सोमवारी उन्हात ठेवते. आरोही पहाटे उठून गल्लीतल्या दिव्याच्या खांबाला वळसे घालते, तेही आम्ही बघितलं न बघितल्यासारखं करतो.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी तिचे प्रशिक्षक भावकू सर घरी आले. शुक्रवारी धारवाडला संघाची निवड होती, आणि वयाच्या अटीत बसायचं आरोहीचं हे शेवटचं वर्ष. आप्पांनी सरांना चहा दिला आणि एक्स-रे दाखवला.

"आप्पा, पाय बरा झालाय माझा," आरोही म्हणाली.

"व्हय की. बरा झालाय म्हणूनच जपायला पायजे. मोडकाच असता तर कोण इचारलं असतं?"

"मला रडू यायलंय, आप्पा."

"रड की. पर काठाला मोरपंखी धरायचा का डाळिंबी, तेवढं सांग आधी."

ती उठली आणि बूट पिशवीत भरायला लागली. मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. आप्पांनाही वाटलं असावं. त्यांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "सूरज, शुक्रवारी घिऊन जा रं तिला धारवाडला. एक दिस बंद ऱ्हाईना का माग." आरोहीने आप्पांच्या पायांना हात लावला, सर दुसरा चहा प्यायला तयार झाले.

तेवढ्यात तुमचा फोन आला.

शनिवारी तुमच्याकडे साखरपुडा होता. साडी हातमागाचीच हवी होती, आमच्या आरोहीच्याच हातची, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. पाच दिवसांचं काम, हातात दिवसही पाचच. तुम्ही आधी आपुलकीने पायाची चौकशी केलीत. मी म्हणालो, पाय झकास आहे, शुक्रवारी निवड आहे. तुम्ही म्हणालात, "वा! पोरींनी खेळायलाच पाहिजे." मग जरा थांबून विचारलंत, "पण निवड काय, पुढच्या वर्षीही असेलच की?"

फोन स्पीकरवर होता. आरोहीने पिशवी खुंटीला अडकवली आणि मागावर जाऊन बसली.

साडी वेळेत पोचली. साखरपुड्याचे फोटो बघितले, डाळिंबी काठ तुमच्याकडे छान उठून दिसतोय. तुम्ही चौकशी केली होतीत म्हणून कळवतो, पाय उत्तम आहे. मार्चमध्ये तुमच्या धाकटीचंही ठरतंय असं ऐकलं. रंग तेवढा कळवा. तारीख कोणतीही चालेल, आरोही आता घरीच असते.