दामूकाकांचा फौजदार

दामूकाका टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करतात आणि सगळ्यांचे आवाज स्वतः काढतात. घोड्याचासुद्धा.

अमेरिकेत चँडलरला त्यांच्या घरी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच शनिवारी सकाळी हॉलमधून आरोळी आली, "फौजदार, मागे बघा! मागे!" मी तोंडात ब्रश तसाच ठेवून धावलो. टीव्हीवर जुनी ब्लॅक अँड व्हाइट काउबॉय सिरियल, हिरो तिथला शेरीफ, म्हणजे काकांचा फौजदार. समोर लुंगीतले काका, चिप बनवणाऱ्या कंपनीतले सीनियर इंजिनियर, हातात टेपरेकॉर्डरचा माइक. मला बोटानं गप्प करून त्यांनी जिभेनं टकटक घोडा पळवला.

कॅसेट मिरजेला जायची, त्यांच्या आईला. आजींना दिसत नाही, आणि मुलाचं पत्र दुसऱ्यानं वाचलेलं आवडत नाही. काकांचं स्वतःचं जाणं दर वर्षी प्रोजेक्टपायी कॅन्सल व्हायचं. मग भारतात निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून फौजदार जायचा.

"आईला गोळीबार चालतो, दारू नाही," काका सांगायचे. त्यामुळे त्यांच्या कॅसेटमध्ये अख्खं टेक्सास उकाळा प्यायचं. डाकू टेबलावर पिस्तूल आपटून ओरडायचा, "ए, उकाळा आण! डबल!" हिरॉइननं हिरोचा मुका घेतला की काका घसा खाकरून म्हणायचे, "बाई आभार मानतायत." एकदा बाईंनी इतका वेळ आभार मानले, की काकांना मध्येच हवापाणी सांगावं लागलं.

मी बार्शीचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांसमोरच करून मार खाल्लेला. दोन महिन्यांत काका मला पाठ झाले. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नववी सुटली आणि मी हसलो, की काका माइकवर हात ठेवून म्हणायचे, "पक्या, लॉजिक ऑफिसात ठेवून यायचं." हा माणूस ऑफिसात केसाएवढी चूक दिसली तर अख्खी बॅच परत पाठवायचा!

मग आला हत्तीचा एपिसोड. डाकूंनी सर्कशीतला हत्ती पळवला आणि त्याच्याकडून बँकेची भिंत पाडली. फौजदाराला खांबाला बांधलं, हत्ती सोंड उगारून समोर. इथे 'उरलेलं पुढच्या शनिवारी'. अर्धी कॅसेट मिरजेला पोचली. आजींनी ट्रंककॉल करून विचारलं, "दामू, तुडवला नाही ना रे?"

आणि नेमका त्या पुढच्या शनिवारी काकांचा घसा ठार बसला. शेजारचे नेने दुपारी भारतात निघणार, त्यानंतर दोन महिने कुणीच जाणार नव्हतं. काकांनी वहीवर लिहिलं, 'तू बोल. माझ्या आवाजात. घसा बसलाय कळलं तर ती काळजी करत बसेल.'

"काका, तुमच्या आईंना फसवायचं? नक्कल मित्रांपुढे ठीक आहे हो."

काकांनी वहीवर ठोकून अधोरेखित केलं, 'हत्ती समोर उभा आहे!'

मी माइक घेतला. उकाळा पाजला, गोळ्या झाडल्या. टीव्हीवर फौजदारानं हत्तीला आधी सर्कशीत शेंगदाणे चारले होते, मी गूळ चारला. हत्तीनं सोंडेनं दोर सोडला आणि डाकूला घोड्यांच्या पाण्याच्या हौदात बसवलं. काका आवाज न करता हसत मांडी बडवत होते.

शेवटी फौजदार एकटाच डोंगराकडे निघाला. मी डोंगर सुरू करणार, तेवढ्यात वही पुढे आली. 'घोडा घरी वळव. आई दारात उभी आहे.'

मी टेप थांबवली. "काका, ह्याला आई कुठाय? तो तर तिकडे चाललाय."

"माझ्या कॅसेटमध्ये आहे," काका कसेबसे कुजबुजले. "पहिल्यापासून. दर वेळी घरी येतो. पाय धुतो. पानावर बसतो."

"आणि काय खातो?"

"ते आई सांगते. तिची कॅसेट येते ना उलट. मागच्या वेळी थालीपीठ केलं होतं. म्हणाली, दमून आला होता, दोन खाल्ली."

टीव्हीवर नावं सरकायला लागली होती. मी टेप पुन्हा चालू केली, जिभेनं टकटक करत घोडा वळवला. काका हातानं खुणावत होते, हळू, अजून हळू. अंगणात उतरलो. आता फक्त 'आई, आलो गं' म्हणायचं होतं.

ते मला म्हणवेना. मी माइक काकांच्या तोंडाशी धरला.