आपल्याच घराची पडताळणी

पडताळणीची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, हे मला कोणीही सुचवलं नव्हतं. (अशा कल्पना मला आपोआप येतात. डॉक्टर म्हणतात, पित्त आहे.)

मी मतदार नोंदणी कार्यालयात कारकून. एका खोलीच्या पत्त्यावर अख्खी पलटण नोंदवलेली सापडली, तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, की घरोघरी जा, शेजाऱ्याची सही घ्या. सही नाही तर नाव नाही. नेमका त्याच वेळी, आमच्याकडे कायमच्या राहायला आलेल्या सासूबाईंचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. मंजूर करावा तर ऑफिसात बोभाटा, अडवावा तर घरात अबोला. शेवटी भर दुपारी, गळ्यात ओळखपत्र अडकवून, मी आपल्याच दारावरची बेल वाजवली.

"किल्ली विसरलात?" बायकोने विचारलं.

"मी सरकारी कामावर आहे. इथे कोण कोण राहतं?"

"आधी चपला बाहेर काढा. मग विचारा."

आतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी इथे राहते हे तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक असून भागत नाही, आई. शेजाऱ्यांना ठाऊक लागतं."

शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना बोलावलं. "खोटी सही केलीत तर गुन्हा दाखल होतो," मी बजावलं. (काय गरज होती?) बाईंनी सासूबाईंसाठी सही केली, हिच्यासाठी केली आणि माझ्या नावाशी पेन थांबवलं.

"यांना मी दिवसा कधी पाहिलेलं नाही."

"अहो, दिवसा मी ऑफिसात असतो."

"असालही. पण गुन्हा दाखल होतो म्हणालात ना."

ही हसू दाबत आत गेली. नियम म्हणजे नियम. मी माझ्याच नावापुढे 'आढळून आले नाहीत' असं लिहिलं.

साहेब भडकले. "बोगस मतदार पकडणाराच बोगस? पुरावा आणा, नाहीतर नावही जाईल आणि नोकरीही."

घर हिच्या नावावर, विजेचं बिल हिच्या नावावर. माझ्या नावावर फक्त चुका. उरल्या सासूबाई, आता सरकारदरबारी पक्क्या रहिवासी. त्यांनाच साक्षीला नेलं.

"हे तुमच्या घरात राहतात, कशावरून?" साहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी पदर सावरला.

"रोज सकाळी पलंगावर ओला टॉवेल पडलेला असतो," त्या म्हणाल्या. "मी टाकत नाही. लेक टाकत नाही."

साहेबांनी तत्काळ शिक्का मारला. (तेही विवाहित आहेत.) नाव वाचलं, नोकरी वाचली.

घरी आल्यावर ही म्हणाली, "आता तरी टॉवेल दोरीवर टाका."

"पुरावा हलवणं गुन्हा आहे," मी रुबाबात म्हणालो.

तेव्हापासून पलंगावर पुरावा झोपतो आणि सतरंजीवर मी.