साटमकाकांचं दारूधोरण

आमच्या इमारतीतले साटमकाका गुरुवारी संध्याकाळी दारात उभे राहून पाहुण्यांच्या गाड्यांच्या चाव्या काढून घेतात. चावी दिल्याशिवाय आत प्रवेश नाही. मी त्यांच्या लगेच वरच्या मजल्यावर राहतो, घरातल्या चपला घालून जिना उतरतो, तरी माझीही चावी त्यांना लागते. पहिल्यांदा मी म्हटलं, "काका, मला घरी जायला गाडी लागत नाही." काका म्हणाले, "धोरणात मजले नसतात." मी निमूट वर गेलो आणि चावी घेऊन आलो.

काका मूळचे कुडाळचे, एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. काकू गेल्यापासून इथे आखातात, अल् घुब्रातल्या त्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. दर गुरुवारी आम्ही चार-पाच मराठी पुरुष तिथे जमतो. काका स्वतः थेंबही घेत नाहीत. कोकम सरबत पितात, तेही अर्धा ग्लास, कारण साखर हा त्यांचा दुसरा शत्रू. मात्र दारूचा परवाना त्यांनी रीतसर काढलाय आणि आमचे परवाने तपासूनच आम्हाला बोलावलंय. इथे परवान्यावरची महिन्याची मर्यादा पगारावरून ठरते. जन्मभर पगार लपवलेल्या कुलकर्ण्यांनी परवाना दाखवला आणि त्यांची कमाई दुसऱ्या दिवशी इमारतभर झाली. काका एवढंच म्हणाले, "पारदर्शकता हवीच."

'धोरण' हा काकांचा लाडका शब्द. आमटी खारट झाली की धोरण चुकलं. लिफ्ट बंद पडली की धोरणच नाही. माझी मुलगी वरणाला 'यलो दाल' म्हणाली, तेव्हा मला बाजूला घेऊन त्यांनी माझ्या घरच्या भाषाधोरणाची चिरफाड केली. दारूच्या बाबतीत तर ते एकटेच अख्खं मंत्रालय आहेत. उपदेशाने कुणाची दारू कमी होत नाही, वेळ आणि माप आवळलं की होते, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांच्याकडे आधी भात, मग ग्लास. "पोटात भात गेल्याशिवाय गलास हातात गावाचो नाय." हे मालवणीत सांगतात, म्हणजे त्यावर अपील नाही. माप खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. बाटली बेडरूमच्या कपाटात आणि बेडरूमच्या दारात काका. नऊ वाजले की "खलास" म्हणतात आणि कपाटाला कुलूप लावतात.

मग चावी परत मिळवायची परीक्षा. त्यासाठी औटकी म्हणायची, म्हणजे साडेतीनचा पाढा. एकदा कुलकर्ण्यांची दाढ दुखत होती म्हणून ते नुसतं लिंबूपाणी पिऊन बसले होते. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने "औट एके औट, औट दुणे सात" म्हटलं आणि पुढे छताकडे बघू लागले.

"काका, मी प्यायलोच नाहीये."

"मग तर जास्तच गंभीर आहे," काका म्हणाले.

आजवर या परीक्षेत कुणी पास झालेलं नाही. त्यामुळे मी सोडून बाकी सगळ्यांना काका आपल्या गाडीत कोंबून घरी सोडतात आणि वाटभर धोरण समजावतात. शेवटचा नंबर लांब माबेलात राहणाऱ्या प्रसाद गावडेचा. तिथून काका एकटे परत येतात. गाड्या शुक्रवारी सकाळी ज्याच्या त्याने येऊन न्यायच्या.

एका वर्षी रमजान जवळ आला. त्या महिन्यात दारूची दुकानं बंद असतात, म्हणून आधीच्या आठवड्यात आपली माणसं परवान्याचा पुरेपूर उपयोग करून साठा करतात. घरात एवढ्या बाटल्या दिसल्यावर धीर कसला धरवतोय. बंदीच्या महिन्यात आमच्या ओळखीचे लोक एरवीपेक्षा जास्तच पितात. "आपल्या माणसांपुढे कुठलंही धोरण हात टेकेल," काका म्हणाले आणि त्यांनी जाहीर केलं की रमजानमध्येही गुरुवार होणार, पण कोरडा. सुरमई, सोलकढी आणि पत्ते. गुरुवारी मासे कसे, असं कुणी विचारलं, तर त्यावरही उत्तर तयार होतं. इथे सुट्टी शुक्रवारी असते हे त्यांनी दत्तगुरूंना कळवलंय म्हणे. चाव्या मात्र नेहमीसारख्याच द्यायच्या.

यावर व्हॉट्सअॅपवर बंड झालं. सोलकढी पिऊन पण चावी द्यायची, हे काय लॉजिक आहे, असं कुलकर्ण्यांनी विचारलं. कुणीच जायचं नाही असं ठरलं आणि ते सांगायला मला धाडलं.

काका ओट्यापाशी कोळंबी सोलत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, पण धोरणाचा शब्द काढला नाही. हात धुऊन खुर्चीवर बसले.

"हे सगळं प्रसादसाठी चाललंय," ते म्हणाले. "आमच्याच कंपनीत क्रेनवर आहे ना तो. सकाळी साइटवर तोंडाला वास आला. पकडला मीच. साहेब त्याला घरी पाठवायला निघाले होते. पोरगी पहिलीत आहे त्याची. मी शब्द दिला, आठवड्यातनं एकदा, माझ्या डोळ्यांसमोर घेईल, आणि तीही मी कमी करत आणीन. पुन्हा वास आला तर खलास. बायकोपोरीला घेऊन गावी."

आमच्यात सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस प्रसाद. त्याच्याबद्दल असं काही माझ्या मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग त्याचीच चावी घ्या. आमच्या कशाला?"

"एकट्याची घेतली तर तो दारुडा ठरतो. सगळ्यांची घेतली तर म्हातारा चक्रम ठरतो. माझं काय जातंय?" काका म्हणाले. "झाकणसुद्धा दोनदा बदललं, प्रत्येक वेळी लहान. तुमच्यापैकी एकाच्या तरी लक्षात आलं? आता या महिन्यात घरोघरी साठे आहेत, त्याला बोलावणारे खूप. तुम्ही आला नाहीत तर आम्ही दोघंच उरू. मग हे त्याच्यासाठीच चाललंय हे त्याला कळेल, आणि तो यायचा थांबेल."

वर येऊन मी ग्रुपवर सुरमईचं असं काही वर्णन टाकलं की बंड तिथेच मोडलं.

गुरुवारी सगळे आले, कुरकुरत का होईना, चाव्या देऊन आले. प्रसाद सगळ्यांच्या आधी हजर होता. पत्ते पिसेपर्यंत आम्ही दोघं बाल्कनीत उभे होतो. मी सहज विचारलं, "दारू नसताना एवढ्या लांबून आलास?"

त्याने आत एक नजर टाकली. "दादा, खरं सांगू? मला हल्ली नकोच वाटते ती. कधीपासून माझा ग्लास या कोरफडीच्या कुंडीत ओततोय."

"अरे, मग काकांना सांग ना. केवढे खूश होतील."

"कसा सांगू? हे माझ्यासाठीच चाललंय ते मला कधीच कळलंय. काम झालं म्हणतील आणि गुरुवार बंद करतील. काकू गेल्यापासून या घरात दुसरं कोण येतं? माबेलाहून परत एकटेच येतात, ते पण मला बघवत नाही. पण मला सोडायला येताना तेवढा वेळ गाडीत बोलतात तरी. बायकोला रोज सांगतो, निदान गुरुवारी तरी म्हाताऱ्याला सोबत करून येतो."

काकांची भीती त्याला सांगावी की त्याची काकांना, हे मला ठरवता येईना, म्हणून मी दोन्ही माझ्यापाशीच ठेवल्या.

आतून काकांची हाक आली. "प्रसाद, मधलो तुकडो तुका ठेवलंय. ये बघू."

"इलंय काका," म्हणत तो आत गेला. काका आपल्या शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बसले होते. तो आल्यावर त्यांनी हात काढला आणि मगच पहिला घास घेतला.