जगदेवभाऊंचा सव्वा वर्षाचा नवस

"सहा आठवडे! सातव्या आठवड्यात ट्रॅक्टरची चाबी माह्या हातात नसली, तर नाव बदलून ठेवजा!" दवाखान्यातून इंझोरीला परतताच जगदेवभाऊंनी ओसरीत जाहीर केलं.

चाबी रंगूबाईंच्या पदराच्या गाठीत होती. नवऱ्याला हृदयाचा झटका आला, अकोल्याला नेऊन नसेत स्प्रिंग बसवली, त्या दिवसापासून ती तिथंच होती. "डाक्टरीनबाई हो म्हनल्याबिगर भेटत नाही," रंगूबाईंनी बजावलं. पेरणी दोन महिन्यांवर आली होती. आपल्या वावरात दुसऱ्यानं ट्रॅक्टर घालायचा, या विचारानंच भाऊंच्या छातीत पुन्हा कळ यायची!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हृदयालाही कामाची सवय हवी. आठवड्यातून एकदा इथल्या वर्गाला येऊन सायकल, व्यायाम. घरी रोज अर्धा तास चालायचं. सहा आठवड्यांनी तपासणी. पास झालात, तर खुशाल ट्रॅक्टर चालवा."

चालणं काय अवघड? अकोल्यात नसेलही. पण इंझोरीत आजारी माणूस पायी चालला आहे आणि आपण गाडीवरून पुढं निघून गेलो, असं कुणी केलं तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पहिल्याच सकाळी भाऊ नवेकोरे पांढरे बूट घालून फाट्याकडे निघाले. मागून गावातल्याच हरिसिंगची मोटारसायकल आली.

"भाऊ, पायी? बसा!"

"अरे, मी चालून राह्यलो!"

"तेच त पाहून राह्यलो! हार्टचा मानूस पायी अन् मी गाडीवर? लोक थुकतीन माह्यावर!"

बसावं लागलं. फाट्यावर साखरेचा चहा झाला, आणि येताना ऑटोवाल्या रामधननं धरून ऑटोत घातलं. आठवडाभर हेच! सात दिवसांत भाऊंचं चालणं झालं फक्त गाडीवर चढण्या-उतरण्यापुरतं.

वर शेजारच्या सोजरबाई घरी येऊन रंगूबाईंवर घसरल्या. "काहून वं रंगू, बिमार मानसाले पायी हाकलतं? लाज नाही वाटत?"

रंगूबाई रडकुंडीला आल्या. ते काही भाऊंना बघवेना. दुसऱ्या दिवशी ते कपाळभर शेंदूर लावून आणि हातात नारळ घेऊन निघाले. हरिसिंगनं ब्रेक दाबला.

"नवस हाय," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "मारुतीले बोललो, गावच्या शिवेत गाडीवर बसनार नाही."

"अन् बूट?"

"बुटाची देवानं सूट देली."

"कितीक दिवस?"

इथं दीड महिना म्हणून मोकळं व्हायचं की नाही! पण भाऊंनी जन्मात कधी लहान आकडा सांगितला नव्हता.

"सव्वा वर्ष!"

हरिसिंगनं गाडी बंद केली आणि ढकलत त्यांच्यासोबत चालू लागला. नवसाच्या माणसाला अडवायची कुणाची छाती? उलट सोजरबाई वाटेत उभ्या राहून पांढऱ्या बुटांवरच तांब्याभर पाणी घालू लागल्या. महिन्याभरात भाऊंमागं वीसेक माणसं चालायला लागली. हरिसिंगचा पट्टा दोन भोकं आत गेला!

तपासणीच्या दिवशी भाऊ फाट्यापर्यंत पायी आणि पुढं एसटीनं गेले. डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "अख्ख्या वर्गात पहिले! ट्रॅक्टर चालवायला हरकत नाही."

सोबत आलेल्या रंगूबाईंनी तिथंच पदराची गाठ सोडली. "मले वाटलं होतं, हे चाबी आता दुसऱ्यालेच द्या लागते," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. भाऊंनी चाबी छातीशी धरली.

पेरणीच्या सकाळी ट्रॅक्टरला हार घातला. भाऊंनी पायरीवर पाय ठेवला, आणि नेमकी चालणारी सगळी मंडळी दारात हजर!

"भाऊ! नवस?" हरिसिंग ओरडला.

वावर तर शिवेच्या आतच! भाऊंनी आशेनं बायकोकडे पाहिलं.

"देवासंग लबाडी नोका करू," रंगूबाई म्हणाल्या, आणि भाऊंच्या हातातली चाबी काढून हरिसिंगच्या हातात दिली.

त्या हंगामात ट्रॅक्टर हरिसिंगनं चालवला. भाऊ बाजूनं, "हळू! अबे, हळू!" ओरडत, वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधाबांधानं पायी. अर्ध्या तासाचे पाच तास झाले!

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तब्येत एकदम छान. आता चालणं थोडं कमी केलंत तरी चालेल."

भाऊंनी बोटांवर उरलेले महिने मोजले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे जरा मारुतीले चिठ्ठीवर लिहून देता काय?"