गाय रुळेपर्यंत

शरण आलेल्याला मरण देऊ नये, असं धर्म सांगतो. त्याला खोली द्यावी की नाही, याबाबत मात्र धर्म गप्प आहे. म्हणून विश्वस्त मंडळ नेमावं लागतं.

आमच्या देवस्थानचं भक्तनिवास वडगाव रासाईच्या वाटेवर, भीमेच्या शिरूरकडच्या काठाला आहे. खोल्या बहुतेक रिकाम्या असतात. एका खोलीत बाकीच्यांच्या किल्ल्या राहतात. मंडळावर मी महिला प्रतिनिधी आहे. (सही मी करते, मत अध्यक्ष मारुतराव देतात. कामाची वाटणी असली की तंटा होत नाही.)

श्रावणातल्या एका सोमवारी पूनम नावाची मुलगी दौंडच्या बाजूनं पूल ओलांडून आली. नवरा रविराज कुरकुंभला कंपनीत. तो मारायचाच, या वेळी त्यानं गॅसची नळी काढून हातात काडेपेटी घेतली होती. तिला एक खोली हवी होती.

मंडळ लगेच बसलं. आमची पद्धत अत्यंत न्याय्य आहे. आधी भीती खरी आहे का, ते बघतात.

"मारतो म्हंजी कवा मारतो?" मारुतरावांनी मायेनं विचारलं.

"फर्स्ट शिफ्ट असली की सांजच्याला, आप्पा. नाईट असली की सकाळी. जनरल असली की रविवारी."

"म्हंजी टायमाचा पक्का हाय. असा माणूस मनानं वाईट नसतो."

मग वळ. ताजे असतील तर प्रकरण गरम आहे, निवू द्यावं. जुने असतील तर निवलंच आहे. पूनमकडे दोन्ही होते, त्यामुळे मंडळाला दुप्पट समाधान वाटलं.

पुढचा नियम असा, की जे दार पहिलं लागेल तिथंच आसरा मागावा. दौंडला पूनमची मावशी आहे. तिला ओलांडून आली, म्हणजे जिवापेक्षा सोयीची ओढ जास्त. (मावशीचा घरमालक रविराजचा चुलता निघाला, पण हे तिनं उशिरा सांगितलं. उशिरा सांगितलेलं आम्ही बनावट धरतो.) शेवटी, ज्याच्यापासून पळून आली त्याचं ना-हरकत पत्र. परक्या माणसाची सही चालत नाही.

आधाराची मात्र जराही उणीव नाही. मार दौंड तालुक्यात खाल्लेला आणि जीव शिरूर तालुक्यात वाचवायचा, त्यामुळे अलीकडचे जाणकार तिला पलीकडे पाठवत आणि पलीकडचे अलीकडे. संध्याकाळपर्यंत पुलावरचा भेळवालासुद्धा तिला नावानं हाक मारू लागला. माझ्या पाहणीनुसार (स्थळ: देवळाची पायरी) शंभरातल्या सत्त्याण्णव गावकऱ्यांना तिची दया आली. उरलेले तिघं झोपले होते.

निर्णय राखून ठेवल्यावर पूनम ओट्यावर बसली. समोर आमची गोशाळा. पाटी ठळक आहे: 'निराधार गाईंना विनाचौकशी आसरा.'

त्याच संध्याकाळी माझी भाकड कपिला सुटली. कशी, ते देवच जाणे. मी तेव्हा तिचं दावं हातात धरून जप करत होते. जप संपला तेव्हा दावं पूनमच्या हातात होतं.

कपिलेला ओवाळलं, गूळ दिला, आत घेतलं. पुजारी हौशीराम म्हणाला, "आरं, पण ही गाय तर..."

मारुतरावांनी पाटीकडे बोट केलं. "चौकशी न्हाई म्हणलंय ना? मंग?"

गोशाळेचा एक चांगला नियम आहे. नवी गाय रुळेपर्यंत, तिला घेऊन येणाऱ्यानं जवळ राहावं. खोली आणि दोन वेळचं जेवण संस्था देईल. पूनमला पंख्याची खोली मिळाली.

आठवड्यानं रविराज आला.

"बाईला न्या की," मारुतराव म्हणाले. "आमचा काय संबंध? पन गाय अजून रुळली न्हाई."

"मंग गाय बी नेतो!"

पूनमसाठी ज्या गावानं मान हलवली होती, ते गाव कपिलेसाठी काठ्या घेऊन आलं. रविराजची मोटारसायकल किक न मारताच पुलापर्यंत पोचली.

तेव्हापासून दर महिन्याच्या सभेत पहिला विषय तोच: कपिला रुळली का? उत्तर महिला प्रतिनिधीनं द्यायचं. माझं बारापर्यंत मौन असतं आणि सभा अकराला. कपिला पहिल्याच रात्री दुप्पट कडबा खाऊन घोरत होती, हे मी दुपारी खुशाल सांगितलं असतं. पण दुपारी कोणी विचारत नाही.

परवा मात्र मारुतराव म्हणाले, "वहिनी, पुढची मीटिंग दोन वाजता घिऊ."

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेमच आहे. म्हणून तुम्हाला विचारते. वाचता वाचता तुम्हाला पूनमची दया आली असेल, आमच्या मंडळाचा रागही आला असेल. तुमच्याकडे पाहुण्यांची म्हणून एक खोली असते, जिथं सध्या इस्त्रीचे कपडे आणि व्यायामाची सायकल राहते. पत्ता कळवता का?

घाई नाही. घरच्यांना विचारा, सोसायटीत विषय ठेवा, ना-हरकत घ्या. (सोबत गाय येणार नाही, त्यामुळे तुमची अडचण मी समजू शकते.)